हुरड्यासोबत म्युस्कादे

आमची बाग तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या अलीकडं. सात एकर. थॉमसन आणि माणिक चमन, थोडा माल बाजारात जातो, बराचसा बेदाण्याला. सत्तावीस वर्षं द्राक्षं करतोय, त्यामुळं वाईन चाखताना माझं लक्ष आधी द्राक्षाकडं जातं. ती कुठल्या मातीत वाढली, किती गोडीवर तोडली, तिच्यावर काय संकट आलं, हे मला बाटलीत शोधावंसं वाटतं. गेल्या हिवाळ्यात अशी एक वाईन हाती लागली की महिनाभर डोक्यातून गेली नाही. तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

भाची दोन वर्षं फ्रान्समध्ये नाँत शहरात शिकायला होती. डिसेंबरात परत आली ती दोन बाटल्या घेऊन. "मामा, ही आमच्या तिकडची द्राक्षं. नऊ युरोची बाटली आहे, तिथं कोणी भारी म्हणत नाही हिला. पण तुम्ही पिऊन बघाच." दोन वर्षांत तिकडचं गाव 'आमचं' झालं होतं तिला, ते ऐकून मला बरं वाटलं.

बाटलीवर लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं: म्युस्कादे सेव्र-ए-मेन स्युर ली. म्युस्कादे हे वाईनचं नाव. सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्या, नाँतच्या दक्षिणेला वाहतात, त्यांच्या खोऱ्यातल्या बागा. स्युर ली म्हणजे गाळावर ठेवलेली. नाव ऐकून आपल्याकडं अनेकांना ही मस्कत द्राक्षाची गोड वाईन वाटेल. दोघींचा काही संबंध नाही. मस्कतचा वास खोलीभर पसरतो, हिचा वास घ्यायला नाक ग्लासात घालावं लागतं. आणि साखर जवळजवळ नाहीच.

द्राक्षाचं नाव मेलाँ द बूर्गोन्य. नावातच बर्गंडी, फ्रान्सच्या पूर्वेकडचा मुलूख, आहे, कारण मूळ ती तिथली. पिनो आणि ग्वे ब्लां या दोन जुन्या जातींच्या संकरातून झाली, म्हणजे जगभर मिरवणाऱ्या शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाची सख्खी बहीण. बहिणीनं जग जिंकलं. ही मात्र फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या भागात जाऊन राहिली, आणि आज माहेरी बर्गंडीत तिला शोधावं लागतं.

ती तिथं टिकली कशी, ती गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. सतराव्या शतकात डच व्यापारी नाँतच्या बंदरात यायचे. त्यांना ऊर्ध्वपातन करून ब्रँडी काढायला पांढरी वाईन हवी असायची, म्हणून या भागात पांढऱ्या द्राक्षाच्या लागवडी वाढल्या. मग १७०९ चा हिवाळा आला. युरोपभर नद्या गोठल्या, किनाऱ्यालगत समुद्राचं पाणीसुद्धा गोठलं. नाँतच्या भोवतालच्या बागा मेल्या. पुन्हा लागवड करायची वेळ आली तेव्हा लोकांनी थंडी सोसणारी आणि लवकर पिकणारी मेलाँ निवडली. आज तिथं जी वाईन होते ती त्या एका हिवाळ्यानंतरच्या निर्णयातून आलेली आहे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला कुठलाच बागायतदार विसरणार नाही. आमचे घड काढणीवर आले होते. अर्ध्या तासात मणी फुटून खाली रस वाहायला लागला आणि दुसऱ्या दिवशी बागेत आंबट वास सुटला. ओलांड्यांची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांची, साल सोलून निघाली होती. तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ तासभर बांधावर बसून एवढंच बोललो की पुन्हा द्राक्षच लावायचं की सीताफळाकडं जायचं. म्हणून १७०९ ची गोष्ट वाचताना माझ्या डोळ्यांसमोर राजे-सरदार आले नाहीत, बांधावर बसलेली माणसं आली.

पहिली बाटली आम्ही चुकीच्या जेवणासोबत उघडली. भाची आली म्हणून घरी मटण होतं, आपल्या उस्मानाबादी शेळीचं, काळं तिखट घालून केलेलं. रश्शाचा पहिला घोट गेला आणि नंतर वाईन पाण्यासारखी लागली. शेजारचे बागायतदार आले होते, त्यांनी एक घोट घेऊन विचारलं, "ह्यात गोडी कुठाय? पिकायच्या आधीच तोडली का काय द्राक्षं?"

प्रश्न अगदी बागायतदाराचा होता आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. आपण सगळे गोडीच्या मागं असतो. साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर घेऊन रोज सकाळी बागेत. बाजाराला माल अठरा ब्रिक्सला (रसातल्या गोडीचं माप) तोडायचा, बेदाण्याला बावीस-चोवीसची वाट बघायची. जितकी साखर तितका भाव. वाईनमध्ये हीच साखर यीस्ट खातं आणि तिची दारू होते. लिटरमागं साधारण सतरा ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का दारू. म्हणजे बारा टक्क्यांच्या वाईनला रसात लिटरमागं दोनशे ग्रॅमच्या आसपास साखर पुरते. आपल्या बेदाण्याच्या घडांपेक्षा कमी. फ्रान्समध्ये ठिकठिकाणच्या वाईनला दारूचं प्रमाण किमान किती हवं याचे नियम आहेत. म्युस्कादेच्या नियमांत वर्षानुवर्षं उलटी मर्यादाही होती: बारा टक्क्यांच्या वर जायचं नाही. हलकी राहणं हा तिथं दोष धरलेला नाही, तीच तिची ओळख धरलेली आहे. द्राक्ष पूर्ण पिकलेलंच असतं, पण समुद्राकडून येणारी गार, ओली हवा त्यातली आंबटाई जळू देत नाही. आमच्याकडं मार्चमध्ये पारा चाळिशीकडं गेला की आंबटाई आठवड्याभरात उडून जाते, हे मी दरवर्षी बघतो.

त्यामुळं त्या रात्री वाईनचा दोष नव्हता. काळं तिखट, खोबरं, तेलाचा तवंग, हे सगळं तिच्या अंगावर घालणं चुकलं. बाटलीत तळाला थोडी उरली होती ती बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन घोट घेतले, शेजारी ज्वारीची भाकरी आणि मीठ लावलेली काकडी. तेव्हा कळलं की आपण काय गमावलं.

दुसरी बाटली म्हणून मी जपून ठेवली. वेळ अमावास्येला उघडावी असं भाचीच्या मनात होतं, पण तो पूजेचा दिवस. शेतात कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, त्यात हे बसत नाही. शिवाय आमच्या घरातले आण्णा माळकरी आहेत. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी, आण्णा पंढरपूरला गेले होते तेव्हा, शेतात हुरड्याचा बेत केला.

हुरडा गुळभेंडी ज्वारीचा. बांधाच्या आडोशाला आगटी केली, गोवऱ्यांचा विस्तव पडू दिला आणि कणसं पुरली. बाटली सकाळपासून विहिरीवरच्या हौदात बुडवून ठेवली होती आणि वर ओलं पोतं. थंडीचे दिवस, पाणी चांगलं गार होतं. भाची म्हणाली आठ ते दहा अंशांवर प्यायची असते, आपली थोडी कमी गार असेल, पण चाललं. उलट फार गार केली की हिचा आधीच नाजूक असलेला वास मरतो.

ग्लासात ओतल्यावर रंग जवळजवळ पाण्याचा, कडेला किंचित हिरवट छटा, कोवळ्या घडाच्या मण्यातून उन्हाकडं बघितल्यावर दिसते तशी. काचेला आतून बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले. फसफसत नाही, पण जिभेच्या टोकाला अगदी हलकी चुरचुर होते. वास आधी लिंबाच्या सालीचा, मग हिरव्या सफरचंदाचा. आणि मग तिसरा एक वास आला, तो काय आहे हे मला चटकन सांगता येईना. दुसऱ्यांदा ग्लास नाकाशी नेला तेव्हा आठवलं: आंबिलीचं मडकं. वेळ अमावास्येच्या आदल्या रात्री ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, आलं, मीठ घालून आमच्या सौ. मडकं भरून ठेवतात आणि पहाटे झाकण काढल्यावर वर जो येतो, आंबलेल्या धान्याचा, तो वास. लसणाचा नाही, त्याच्या खालचा.

हा वास कुठून येतो ते भाचीनं सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. रस आंबून झाला की यीस्ट मरून तळाला बसतं. बहुतेक ठिकाणी वाईन त्या गाळावरून लगेच काढून घेतात. स्युर ली म्युस्कादे करणारे काढत नाहीत. अख्खा हिवाळा ती त्याच गाळावर पडून राहते आणि १ मार्चच्या आधी बाटलीत भरता येत नाही. भरताना थेट त्या गाळावरूनच काढायची, मध्ये दुसऱ्या टाकीत फिरवायची नाही. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं, त्यातून ती पिठाची, पावाची चव उतरते आणि पातळ वाईनला अंग येतं. आंबताना तयार झालेला वायूही थोडा आतच राहतो, जिभेवरची चुरचुर त्याचीच. मेलाँ हे द्राक्ष स्वभावानं अबोल आहे, स्वतःचा सुगंध थोडा. तिला गाळानं बोलतं केलं.

तिकडच्या टाक्यांबद्दल ऐकून तर मी पुन्हा पुन्हा विचारलं. पुष्कळ ठिकाणी वाईन जमिनीखालच्या काँक्रीटच्या टाक्यांत ठेवतात, आतून काच बसवलेली. जमीन उन्हाळा-हिवाळा एकसारखी गार राहते. आपल्याकडं ज्वारीसाठी पेव खणायचे, आमच्या जुन्या वाड्यात अजून एकाचं तोंड दिसतं. धान्य आणि वाईन, दोन्हीला जमिनीच्या पोटातली थंडी सोसते, हे दोन टोकांच्या शेतकऱ्यांना आपापलं कळलेलं.

मग हुरडा आला. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कूस उडवायची आणि तळहातावरचे हिरवे दाणे तोंडात. दाण्यात दूध असतं, गोडसर, धुरकट. त्यावर मीठ आणि लिंबाचा थेंब. मग घोट. मी अतिशयोक्ती करत नाही, तो घोट आणि तो हुरडा एकाच शेतातून आल्यासारखे वाटले. दाण्याची गोडी वाईनच्या आंबटपणानं उजळली आणि वाईनमधला तो पिठाचा वास दाण्यात सापडला. शेवटी जिभेवर किंचित खारटपणा राहतो, समुद्राकाठच्या वाईनचा म्हणतात तो, त्यानं पुढचं कणीस मागितलं. सोबत घट्ट दही होतं, त्याच्याशीही जमली. शेंगांच्या चटणीपाशी मात्र थांबली, लसूण आणि तिखट तिला झेपत नाही. गुळाचा खडा खाऊन घोट घेतला तर नुसती आंबट लागते, ते टाळावं.

नंतर एकदा नळदुर्गच्या बाजारातून मरळ आणून नुसतं मीठ, हळद, लिंबू लावून तव्यावर परतला होता. तेव्हा वाईन संपली होती, पण चव डोक्यात होती आणि हा मेळ बसणार याची मला खात्री आहे. तिच्या गावी तिचं खरं जेवण मासळीच आहे. नाँतला तालांसाक नावाचा मोठा बाजार आहे, भाची तिथं जायची. लोक ताजी कालवं (ऑयस्टर, शिंपल्यातली मासळी) उघडून घेतात, पाव, मिठाचं लोणी आणि म्युस्कादेचा ग्लास. कालवांवर लिंबू पिळतात ना, त्या लिंबाचं काम ही करते.

आता मातीचं. हे थोडं लांबेल, पण मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. नाँतच्या दक्षिणेची जमीन फार जुन्या खडकांची. कुठं ग्रॅनाइट, कुठं नाइस, कुठं अभ्रकाचा शिस्ट आणि काही गावांत गॅब्रो. २०११ पासून क्लिसाँ, गॉर्ज आणि ल पाले या तीन ठिकाणच्या वाईनला बाटलीवर स्वतःचं नाव लावायची मान्यता मिळाली, पुढं आणखी काही गावं त्यात आली. क्लिसाँची माती ग्रॅनाइटची, गॉर्जची गॅब्रोची. या दोन्ही वाईन गाळावर कमीत कमी दोन वर्षं ठेवायच्या असतात, एक हिवाळा तिथं पुरत नाही. आता गॅब्रो म्हणजे काय? आपला काळा दगड, बेसाल्ट, आणि गॅब्रो यांचा मूळ वितळलेला रस एकाच जातीचा. वर येऊन झटकन थिजला तो बेसाल्ट, जमिनीखाली सावकाश थंड होत गेला तो मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो. म्हणजे गॉर्जच्या मुळ्या ज्या खडकात शिरतात तो आमच्या नळदुर्गच्या किल्ल्याच्या दगडाचा चुलतभाऊ. वेलीला त्यानं किती फरक पडतो यावर जाणकार वाद घालतात. मला एवढंच की तुळजापूरच्या मुरमात पहार मारताना यापुढं गॉर्ज आठवणार.

ल्वार नदीशी माझं एक जुनं नातंही आहे. २००१ साली सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनची हवा झाली, आणि २००६ मध्ये मी दोन एकर शेनिन ब्लां लावली. शेनिन ही ल्वारच्याच काठची, म्युस्कादेपासून नदीनं वर गेलं की तिचा मुलूख लागतो. ज्या कंपनीशी करार केला होता तिनं दोन हंगाम माल उचलला. तिसऱ्या वर्षी, २०१० ला, टाक्या भरल्यात म्हणून कळवलं, तेही माल तोडणीला आल्यावर. शेनिनची साल पातळ, मणी लहान, बियांचे. बाजारात कोण घेणार? घड वेलीवरच सुकले आणि एप्रिलमध्ये आम्ही खोडं तोडली. डॉगरिज जातीचे मुळांकडचे खुंट तेवढे ठेवले, त्यांच्यावर थॉमसनची कलमं भरली. त्या कंपनीबद्दल आता राग नाही, पण तोडणीला आलेला माल नाकारणं काय असतं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

म्युस्कादेच्या शेतकऱ्यांनीही भावाचे असे दिवस बघितलेत. एक काळ असा होता की माल खूप, घाऊक व्यापारी म्हणेल तो दर, आणि 'कालवांसोबतची स्वस्त वाईन' हा शिक्का. वर वसंतातलं हिमदव. कोंब फुटले की एका रात्रीत जळतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये मोठा फटका बसला, मग २०१६, २०१७, २०१९, २०२१. तेही बागेत मेणाच्या मोठ्या बत्त्या पेटवतात, आपण थंडीत शेकोट्या पेटवतो तसं. कित्येकांनी बागा काढल्या. जे राहिले त्यांनी गावाचं नाव, दगडाचं नाव बाटलीवर आणलं आणि वाईनला वेळ दिला. म्हणून नऊ युरोची बाटली मला स्वस्त वाटली, हलकी वाटली नाही.

विकत घ्यायची असेल तर एक अनुभव सांगतो. हुरड्यानंतर मोह झाला म्हणून पुण्यात एका दुकानातून एक बाटली आणली. आयात शुल्कामुळं तिचा भाव तिकडच्या तिप्पट-चौपट. पैशाचं काही वाटलं नसतं, पण बाटली चार-पाच वर्षं जुनी होती आणि उघड्या फळीवर, दिव्याखाली उभी. घरी उघडली तर रंग पिवळसर, चुरचुर गेलेली, वास सुकलेल्या सफरचंदाचा. परत केली तर 'उघडलेली बाटली घेत नाही' एवढंच उत्तर. साधी स्युर ली तीन-चार वर्षांच्या आत प्यावी, म्हणून मागचं-पुढचं न बघता आधी साल वाचा. दुकानात उन्हात किंवा दिव्याखाली असेल तर घेऊच नका. गॉर्ज, क्लिसाँ यांसारख्या गावाच्या नावाच्या बाटल्या मात्र दहा वर्षंही टिकतात, त्या जुन्या दिसल्या म्हणून सोडू नका. आणि लेबलवर 'स्युर ली' हे शब्द शोधा, त्या गाळाशिवाय ही वाईन अर्धी.

गोड वाईनची सवय असेल तर पहिल्या ग्लासात ही आवडणार नाही. दुसऱ्या दिवशी, साध्या जेवणासोबत, पुन्हा घ्या. धपाटं-दही, काकडी, मीठ-लिंबाचा मासा, हुरडा. फार तर लिंबू पिळलेली कोवळी कणसं. आमच्या सौ.नी आयुष्यात पहिल्यांदा घोटभर वाईन घेतली ती हीच. म्हणाल्या, "कैरीचं पाणी आंबवल्यावाणी लागतंय, पण घशाला जळत नाही." मला यापेक्षा नेमकं वर्णन करता आलं नसतं.

भाची पुढच्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा नाँतला जाणार आहे. तिला सांगून ठेवलंय, येताना गॉर्जची एक बाटली आण, आणि जमलं तर तिथल्या बागेतला मुठीएवढा दगड. आमच्या विहिरीतून निघालेला काळा दगड मी धुऊन ओसरीत ठेवलाय, त्याच्या शेजारी ठेवून बघायचाय.